मत्स्यपेटीची घडवंची : हस्तव्यवसायाचा एक समवाय पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी; लहान वर्गांसाठी निरीक्षण)

पाठाचा हेतू

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायास शिक्षणाच्या मध्यभागी स्थान दिले. हाताने वस्तू घडविताना गणित, विज्ञान व भाषा यांची गरज आपोआप भासावी आणि गरज भासल्यावर मिळालेले ज्ञान टिकावे, असा त्यामागील विचार होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शालेय वयात कारागिरीचा प्रत्यक्ष परिचय घडावा असे सुचविले आहे. परंतु हस्तव्यवसायाच्या नावाखाली केवळ शोभेच्या वस्तू होऊ लागल्या, तर हा हेतू साधत नाही. वस्तू चुकली तर काही बिघडेल आणि बरोबर झाली तर काही टिकेल, असे काम मुलांपुढे असावे लागते. माशांच्या काचपेटीसाठी लाकडी घडवंची तयार करणे हे असे काम आहे.

घडवंची हा शब्द व ही वस्तू ग्रामीण मुलांस परकी नाही. प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारसारख्या गावात पाण्याचे हंडे व कळश्या ठेवण्यासाठी घडवंची ही जुन्या घरांतील नित्याची वस्तू होती, आणि ती घडविण्याचे कसब गावच्या सुताराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मात्र हंड्याची घडवंची आणि काचपेटीची घडवंची यांत एक महत्त्वाचा फरक आहे. घडवंची थोडी डुगडुगली, किंचित तिरकी झाली, तरी तांब्या-पितळेचा हंडा त्याची तक्रार करीत नाही. काच मात्र ती डुगडुग सोसत नाही. सपाट काचेस पीळ बसला की ती तडकते, अथवा तिचे सांधे सुटतात. आणि मग पन्नास लिटर पाणी व काचांचे तुकडे मुलांच्या पायांशी येतात. म्हणून या पाठाचे सार असे : भार पेलणे लाकडास सोपे आहे, अवघड आहे ते घडवंची ताठ, समपातळीत व न डुलणारी ठेवणे. पाठातील प्रत्येक कृती या एका गोष्टीसाठी आहे.

१. करवतीपूर्वी हिशेब

लाकूड आणण्यापूर्वी मुलांकडून पेटीच्या वजनाचा हिशेब करवून घ्यावा. शाळेस सोयीची पेटी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच अशी असते. तिचे घनफळ ५४,००० घन सेंमी, म्हणजे ५४ लिटर होते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो; तेव्हा काठोकाठ भरलेल्या पेटीत ५४ किलो पाणी मावते.

यानंतर काचेचा हिशेब. तळ व चार बाजू मिळून काचेचे क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर भरते. काच पाण्याच्या सुमारे अडीच पट जड असल्याने ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो, आणि सर्व पेटीचे सुमारे ९ किलो होते. तळाशी ४ सेंमी जाडीचा वाळूचा थर दिल्यास ती वाळू ११ किलोंच्या आसपास भरते. तिने बाजूस सारलेले पाणी सुमारे ४ लिटर असते, ते वजा करावे. चार दगड, झाकण व इतर साहित्य धरून एकूण भार साधारण ७५ किलो येतो.

पेटी काठोकाठ भरावयाची नसली तरी हिशेब मात्र भरलेल्या पेटीचाच करावा. ७५ किलो म्हणजे किती, हे मुलांस आकड्याने कळणार नाही. जवळच प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना आहे. साखरेचे ५० किलोचे पोते मुलांनी पाहिलेले असते. अशी दीड पोती एका लहानशा बाकावर ठेवावयाची आहेत, असे सांगितले की प्रश्नाचे गांभीर्य त्यांच्या ध्यानी येते.

पाणी केवळ खाली दाबत नाही, ते बाजूंसही रेटते. ३० सेंमी खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंमीला ३० ग्रॅम असतो, पृष्ठभागाशी तो शून्य असतो. म्हणून सरासरी १५ ग्रॅम धरावा. पुढच्या काचेचे क्षेत्रफळ १,८०० चौरस सेंमी आहे. गुणाकार केल्यास त्या एका काचेवर २७ किलोंचा रेटा बाहेरच्या दिशेने येतो. हाच नियम धरणास लागू पडतो. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची भिंत माथ्याशी अरुंद व पायथ्याशी रुंद आहे, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. ज्या नदीचे पाणी मुले रोज पाहतात, तिच्याच धरणाचा नियम वर्गातील काचपेटीत दिसतो, हे शिक्षकांनी आवर्जून दाखवावे.

२. घडवंची कशामुळे मोडते

पेटीचे व वरच्या फळीचे वजन मिळून ८० किलो धरले तर चार पायांवर प्रत्येकी २० किलो येतात. पाय ५ सेंमी × ५ सेंमी जाडीचा असेल तर त्याचा छेद २५ चौरस सेंमी असतो. म्हणजे दर चौरस सेंमीला एक किलोहूनही कमी भार पडतो. सागवान अथवा बाभळीचे चांगले वाळलेले लाकूड तंतूंच्या दिशेने चिरडण्यास दर चौरस सेंमीला काहीशे किलो भार लागतो. तेव्हा पाय चिरडून घडवंची मोडेल ही भीती व्यर्थ आहे. ती मोडते अन्य कारणांनी. ती कारणे पुढील तीन प्रयोगांनी मुलांस दाखवावीत.

पहिला प्रयोग : चार सारख्या पट्ट्या घेऊन प्रत्येक कोपऱ्यात एकेक खिळा मारून चौकट करावी. चौकट उभी धरून एका कोपऱ्यास बोटाने ढकलावे. चौकोन सहज कलतो व चपटा होतो. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पाचवी पट्टी तिरकस ठोकावी. चौकटीचे दोन त्रिकोण झाले, आणि ती आता हलत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार ठरतो. चौकोनाचे तसे नाही. घडवंचीस तिरकस आधार का हवा, याचे उत्तर यात आहे.

दुसरा प्रयोग : दोन विटांवर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवून मध्यभागी वजन ठेवावे. ती वाकते. मग तीच पट्टी कडेवर उभी धरून तेच वजन ठेवावे. ती वाकलेली दिसत नाही. ७.५ सेंमी × २.५ सेंमी मापाची दांडी कडेवर उभी बसविली, तर ती सपाट बसविलेल्या त्याच दांडीपेक्षा तिप्पट भार सोसते, आणि नऊ पट कमी वाकते. एकच लाकूड, किंमतही तीच. फरक केवळ बसविण्याचा.

तिसरा प्रयोग : तीन पायांची तिवई व चार पायांचे स्टूल खडबडीत जमिनीवर ठेवावे. तिवई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून नेहमी एक पातळी जाते. स्टुलाचा चौथा पाय मात्र दोन-तीन मिलिमीटर अधांतरी राहतो. काचपेटीच्या घडवंचीचा असा एक पाय अधांतरी राहिला, तर भार पडताच तो कोपरा खाली बसतो, वरच्या फळीस पीळ पडतो, आणि तो पीळ काचेपर्यंत पोहोचतो.

याशिवाय आणखी एक धोका आहे, तो उलटण्याचा. घडवंची उंच व अरुंद असली की ती दिसण्यास डौलदार असते, परंतु मूल रेलले तर पालथी होते. ५० सेंमी उंच घडवंचीवरील पेटीचा वरचा काठ जमिनीपासून ८० सेंमीवर येतो. बैठक ३० सेंमी रुंद असेल, तर त्या काठावर सुमारे १४ किलोंचा रेटा देताच ७५ किलोंची भरलेली पेटी उलटू लागते. बैठक ४५ सेंमी केली तर हाच आकडा २१ किलोंच्या वर जातो. दहा वर्षांच्या मुलाचे वजन २५ ते ३० किलो असते, हे लक्षात घेता रुंद बैठकीवर तडजोड करू नये. शिवाय मागील बाजूने दोन लोखंडी कोनपट्ट्यांनी घडवंची भिंतीशी जखडावी.

३. लाकडाची निवड

सागवान पाण्यास टिकते, फारसे वेडेवाकडे होत नाही, व रंध्याखाली सुबक येते. परंतु ते महाग असते. बाभूळ हे या भागातील परिचित झाड. बैलगाडी व शेतीची अवजारे यांसाठी तिचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. ते कठीण व चिवट आहे. मात्र त्यात खिळा सरळ ठोकल्यास लाकूड फाटते, म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडावे. कडुनिंबाचे लाकूडही चालते. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी ओल व किडीपुढे लवकर हार खाते. ते घेतल्यास रंगाचे संरक्षण अधिक काळजीपूर्वक द्यावे. जुन्या इमारतीचे सागवानी वासे किंवा मोडक्या बाकांचे पाय मिळाले, तर त्याहून उत्तम काही नाही. ते वर्षानुवर्षे मुरलेले असतात. फक्त त्यांतील खिळे शोधून काढावेत, अन्यथा करवतीचे दात जातात.

लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले असावे. ओले लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु रुंदीत चांगलेच आकसते. त्यामुळे पावसाळ्यात घट्ट बसलेला सांधा चैत्र-वैशाखात सैल होतो. पायांच्या लाकडात मोठ्या गाठी नसाव्यात. वरच्या फळीसाठी मात्र १९ मिलिमीटर जाडीचे जलरोधक प्लायवूड एकसंध घ्यावे. अनेक फळ्या शेजारी शेजारी बसविल्यास त्यांच्यात उंचसखलपणा येतो, आणि काचेचा तळ सर्वत्र टेकत नाही. साधे भुसा-फळीचे लाकूड कदापि वापरू नये. पाणी लागताच ते फुगते व त्याचा भुगा होतो.

४. मापे

तयार घडवंचीची उंची ५० सेंमी, लांबी ७० सेंमी व रुंदी ४५ सेंमी. या उंचीवर जमिनीवर बसलेल्या मुलास पेटीचा तळ व मध्यभाग दिसतो, आणि उभ्या मुलास थोडे वाकून पाहता येते.

लागणारे तुकडे असे :

पाय – ४ नग. ४८ सेंमी लांब. ५ × ५ सेंमी.
लांब दांड्या – २ नग, ७० सेंमी, ७.५ × २.५ सेंमी.
आडव्या दांड्या – ३ नग, ४५ सेंमी, ७.५ × २.५ सेंमी.
खालच्या बाजूच्या पट्ट्या – २ नग, ४० सेंमी, ५ × २.५ सेंमी.
खालची मागची पट्टी – १ नग, ६५ सेंमी, ५ × २.५ सेंमी.
तिरकस आधार – २ नग ५५ सेंमी व १ नग ७५ सेंमी. ४ × २ सेंमी.
वरची फळी – १ नग. ७० × ४५ सेंमी. १९ मिलिमीटर प्लायवूड.

फळी सोडून उर्वरित लाकडाचे घनफळ मुलांनी काढावे. ते अर्ध्या घनफुटाहून थोडे कमी भरते. कापताना व रंधताना जाणारे लाकूड धरून पाऊण घनफुटाची मागणी करावी. गावात लाकडाचा भाव घनफुटावर सांगितला जातो. म्हणून घन सेंमीचे घनफूट करण्याचे उदाहरण येथे आपोआप उभे राहते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८,३०० घन सेंमी.

५. कृती

हत्यारे : करवत, रंधा, पटाशी, लाकडी हातोडा, गिरमिट, गुण्या, मोजपट्टी, पेचकस व पाणसळ. शक्य असेल तेथे गावातील सुतारास दोन दिवस शाळेत निमंत्रित करावे व त्यास शिक्षकाचा मान द्यावा. पटाशी व करवत यांचे काम त्याने अथवा शिक्षकांनी करावे. मोजणे, आखणे, घासणे, तेल लावणे व ताडून पाहणे ही कामे मुलांनी करावीत. मोठ्या मुलांच्या हाती करवत द्यावयाची तर एका वेळी एकाच्याच, आणि देखरेखीखाली.

(अ) चारही पाय एकत्र बांधून एकदम आखावेत. एकेक पाय वेगळा मोजल्यास प्रत्येकात थोडी थोडी चूक राहते. एकत्र आखलेल्या पायांत चूक झालीच, तर ती चारही पायांत सारखी होते, आणि घडवंची डुगडुगत नाही.

(आ) प्रत्येक पायाच्या माथ्याशी, बाहेरच्या बाजूने, ७.५ सेंमी उंच व २.५ सेंमी खोल खाच घ्यावी. लांब दांडी या खाचेत कडेवर उभी बसते. येथे सुतारकामाचा एक नियम मुलांच्या वहीत उतरवून घ्यावा : भार लाकडावर टेकला पाहिजे, तो स्क्रूवर लोंबता कामा नये. दांडी खाचेवर टेकली की वजन लाकडातून लाकडात उतरते, आणि स्क्रूला फक्त सांधा जवळ धरण्याचे काम उरते. खाच न घेता दांडी पायास नुसती स्क्रूने ठोकली, तर सर्व वजन चार बारीक स्क्रूंवर पडते.

(इ) लांब दांड्यांत वरच्या कडेस तीन ठिकाणी अर्ध्या उंचीच्या, म्हणजे पावणेचार सेंमी खोल, खाचा घ्याव्यात : दोन टोकांकडे पायांस लागून व एक मध्यभागी. आडव्या दांड्यांच्या दोन्ही टोकांस खालच्या कडेने तेवढ्याच खाचा घ्याव्यात. दोन खाचा एकमेकींत बसल्या की सर्व दांड्यांच्या वरच्या कडा एका पातळीत येतात. बाजूच्या दोन आडव्या दांड्या पेटीच्या दोन्ही टोकांच्या बरोबर खाली येतात, हे मापांवरून मुलांनी स्वतः पडताळून पाहावे.

(ई) खालच्या पट्ट्यांच्या टोकांस अडीच सेंमी लांब व सुमारे एक सेंमी जाड अशी जीभ ठेवावी. तिला सुतार कुसू म्हणतात. पायात तेवढेच चौकोनी भोक पटाशीने पाडावे. कुसू हाताने दाबल्यास अर्धे आत जावे व उरलेले हातोड्याच्या हलक्या ठोक्याने बसावे, इतपत ते घट्ट असावे. बाजूच्या पट्ट्या जमिनीपासून ८ सेंमीवर व मागची पट्टी १४ सेंमीवर घ्यावी. दोन्ही एकाच उंचीवर घेतल्यास भोके पायाच्या आत एकमेकांस छेदतात आणि पाय तेथेच दुबळा होतो.

(उ) प्रथम सरस न लावता सर्व सांगाडा जुळवून पाहावा. गुण्या लावून प्रत्येक कोन तपासावा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर चौकट काटकोनी आहे, कमी-अधिक आले तर ती तिरपी आहे. कर्ण सारखे झाल्यावरच पाण्याने न सुटणारा सरस लावून सांधे पक्के करावेत.

(ऊ) दोन्ही बाजूंस व मागे एकेक तिरकस आधार लावावा. प्रत्येक टोकास दोन स्क्रू असावेत. एकाच स्क्रूभोवती पट्टी फिरते. पुढील बाजू मोकळी राहते. खाली बादली व जाळी ठेवता येते.

(ए) शेवटी फळी बसवून सर्व लाकूड घासावे व जवसाच्या तेलाचे दोन हात अथवा तैलरंग द्यावा. पायांच्या खालच्या टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. तंतूंची उघडी तोंडे तेथे असतात, आणि ओल तेथूनच वर चढते. प्लायवूडच्या कडांसही हेच लागू आहे. तेल किंवा रंग पूर्ण वाळेपर्यंत पेटी ठेवू नये.

६. भारपरीक्षा

कोणतीही घडवंची परीक्षा घेतल्यावाचून वापरू नये. एका विटेचे वजन काट्यावर करावे. ते तीन किलो भरले तर चाळीस विटांचे १२० किलो होतात, म्हणजे पेटीच्या भाराच्या दीडपटीहून अधिक. या विटा फळीवर सारख्या पसरून चोवीस तास ठेवाव्यात. ठेवण्यापूर्वी व काढण्यापूर्वी फळीच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मिलिमीटरपर्यंत मोजून लिहावी. त्या काळात मुलांनी घडवंचीखाली अथवा अगदी निकट जाऊ नये. मग विटा उतरवून शिक्षकांनी घडवंचीस पुढून व बाजूने हाताने रेटून पाहावे. सांधा करकरला किंवा चौकट हलली, तर दोष शोधून दुरुस्त करावा व परीक्षा पुन्हा घ्यावी. परीक्षेत नापास झालेली वस्तू दुरुस्त करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, हे मुलांस या प्रसंगी कळते.

७. जागा व मांडणी

घडवंचीस कठीण जमीन हवी. जमीन मातीची असेल, तर प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा घट्ट बसवावा. त्यामुळे पाय रुतत नाहीत आणि ओलही चढत नाही. पायांखाली जुन्या टायरचे रबरी तुकडे लावावेत. भिंत व घडवंची यांत दोन बोटे अंतर ठेवावे, म्हणजे भिंतीवरून वाळवी चढू लागल्यास तिची मातीची नळी लगेच दिसते. कोनपट्ट्या या अंतरातून भिंतीपर्यंत न्याव्यात. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी. उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते. विजेच्या फलकाखालीही पेटी ठेवू नये. हवेचा पंप लावल्यास त्याची वायर खाली झोल देऊन मग वर खटक्याकडे न्यावी. वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, खटक्यात शिरत नाही.

पाणसळ लांबीत व रुंदीत ठेवून पातळी तपासावी. पाणसळ नसल्यास पेटीत दोन बोटे पाणी घालून चारही कोपऱ्यांत पाण्याची उंची मोजावी. चारही आकडे सारखे आले की पातळी साधली. फरक आल्यास पायाखाली कठीण लाकडाची पातळ चकती द्यावी. काचेखाली कागद अथवा पाचर सारून पातळी साधण्याचा मोह टाळावा; त्याने काचेचा भार एका जागी एकवटतो.

तळाची काच उघडी असलेल्या पेटीखाली एक सेंमी जाडीचा थर्मोकोलचा अखंड तक्ता घालावा. बारीकसा खडाही मग काचेस टोचत नाही. ज्या पेटीस खालून प्लास्टिकची चौकट असते व काच अधांतरी असते, तिच्याखाली मात्र असा तक्ता घालू नये.

पेटी प्रथम एकतृतीयांश भरावी, अर्धा तास थांबून सांधे व पातळी पाहावी, मग दोनतृतीयांश, व शेवटी काठाखाली तीन सेंमीपर्यंत. भरलेली पेटी कधीही उचलू अथवा सरकवू नये. हलविण्याची वेळ आली तर आधी पाणी काढावे.

८. पाणी व मासे

घडवंची व पेटी सिद्ध झाल्यावर मासे आणण्याची घाई करू नये. गावच्या पाण्यात जंतुनाशक चूर्ण घातलेले असते. त्यातील क्लोरीन माशांस घातक आहे. असे पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

प्रारंभास गप्पी मासे सोयीचे. ते लहान, काटक असून डासांच्या अळ्या खातात. यामुळेच आरोग्य खाते हिवताप व डेंग्यू यांच्या प्रतिबंधासाठी ते पाळते. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे विचारणा केल्यास सहसा ते मिळतात. मुलांनी साचलेल्या पाण्यातील अळ्या आणून पेटीत सोडाव्यात व किती वेळात त्या दिसेनाशा होतात, याची नोंद करावी. मात्र गप्पी हा दक्षिण अमेरिकेकडील मासा आहे. प्रवरेत किंवा ओढ्यात तो सोडू नये. तेथील मूळच्या लहान माशांवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि पुढे अनेक वर्षे सहलीस गेलेल्या मुलांनी समुद्रातील जीव तेथे काचेआड पाहिले. ज्या मुलांस इतक्या दूर जाणे घडत नाही, त्यांच्यासाठी वर्गातील ही लहान पेटी तेच काम करते. त्यात भर एवढीच की, तिचा भार कशावर उभा आहे, हे या मुलांस ठाऊक असते.

९. अन्य विषयांशी समवाय

गणित : घनफळ, क्षेत्रफळ, सरासरी, एकमान परिवर्तन, खर्चाचा ताळेबंद.
विज्ञान : दाब, गुरुत्वमध्य, त्रिकोणाची दृढता, लाकडाची रचना, श्वसन.
परिसर अभ्यास : प्रवरा नदी, भंडारदरा धरण व कालवे, गावातील झाडे, सुताराचा व्यवसाय, त्याची हत्यारे व त्यांची गावात चालणारी नावे.
भाषा : साहित्याची मागणी करणारे पत्र, कृतीचे क्रमवार वर्णन, सुताराची मुलाखत.
आरोग्य : डासांचे जीवनचक्र.

१०. मुलांसाठी प्रश्न

१) पेटी ९० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ४५ सेंमी उंच केली, तर पाण्याचे वजन किती होईल? पुढच्या काचेवरील रेटा किती वाढेल?
२) पेटीची लांबी दुप्पट केली आणि उंची तीच ठेवली, तर तळाशी पाण्याचा दाब बदलेल काय? कारण द्या.
३) घराच्या दारास आतून तिरकी पट्टी का ठोकलेली असते? शाळेच्या आवारात अशा तीन जागा शोधा.
४) चौकट काटकोनी आहे की नाही, हे गुण्या नसताना कसे ठरवाल?
५) आपल्या घरातील घडवंची, पाट, बाज किंवा स्टूल यांपैकी एकाचा सांधा पाहून त्याचे चित्र काढा. त्यात भार लाकडावर टेकला आहे की खिळ्यावर, ते लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी स्वतः घरी जाऊन पाहण्याजोगी असतात. खिळ्यावर लोंबणारा एखादा पाट किंवा फडताळ मुलाच्या नजरेस आले, आणि घरच्यांनी ते वेळीच दुरुस्त केले, तर पाठ साधला असे समजावे.